सामायिक नियंत्रण
सामायिक नियंत्रण : एकाच ठिकाणाहून व समान साधनांद्वारे एकाहून अधिक यंत्रे चालविण्याची पद्धत. एकच कळफलक व एकच माऊस स्विचाच्या साहाय्याने अनेक संगणकांना आळीपाळीने जोडणे, हा तिचा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला प्रकार होय. जागा, साधने व मनुष्यबळ यांची बचत हा या पद्धतीचा मुख्य लाभ. तथापि सामायिक दुवा निकामी झाल्यास त्यावर विसंबून असलेली सर्वच यंत्रे एकदम अडचणीत येतात, हा तिचा अंगभूत दोष होय. सामायिक यंत्रणांच्या या दोन्ही बाजू तारापूर (जि. पालघर, पूर्वीचा ठाणे जिल्हा) येथील अणुवीज केंद्राच्या इतिहासात स्पष्ट दिसतात.

बोईसरच्या पश्चिमेस समुद्रकिनारी असलेल्या या केंद्राच्या उभारणीचा करार १९६४ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी झाला. उकळत्या पाण्याच्या प्रकारातील दोन अणुभट्ट्यांपासून व्यापारी वीजनिर्मिती २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झाली. प्रत्येकीची मूळ क्षमता सु. २१० मेवॉ. होती; पुढे ती १६० मेवॉ. करण्यात आली. जुळ्या संचांत काही यंत्रणा सामायिक ठेवण्याची त्या काळी रूढ असलेली पद्धत येथेही अवलंबिली गेली. बंद अणुभट्टी थंड ठेवणारी यंत्रणा ही त्यांपैकी एक होय. शृंखला विक्रिया थांबल्यावरही इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयामुळे उष्णता निर्माण होतच राहते. म्हणून या यंत्रणेची विश्वसनीयता अत्यंत महत्त्वाची ठरते.

सामायिकतेतील धोका अमेरिकेतील ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी उघड झाला. हवेची गळती तपासण्यासाठी वापरलेल्या मेणबत्तीमुळे नियंत्रण कक्षाखालील तारांना आग लागली. दोन संचांच्या तारा तेथे एकत्र असल्यामुळे दोन्ही संच बंद करावे लागले. पहिल्या संचाच्या आणीबाणीच्या शीतन यंत्रणाही निकामी झाल्या. त्यानंतर महत्त्वाच्या तारा व यंत्रणा परस्परांपासून अलग ठेवण्याचे नियम कडक करण्यात आले.

तारापूरच्या पहिल्या दोन संचांचे २००५-०६ मध्ये मोठे नूतनीकरण झाले. त्यात सामायिक यंत्रणांची संचवार विभागणी करण्यात आली, अधिक क्षमतेची डीझेल जनित्रे बसविण्यात आली आणि मुख्य कक्ष निरुपयोगी ठरल्यास वापरावयाचा पूरक नियंत्रण कक्ष उभारण्यात आला. याच सुमारास स्वदेशी अभिकल्पाचे, दाबित जड पाण्याचे प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेचे चौथा व तिसरा हे संच अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीमुळे वीजपुरवठा खंडित होऊन पहिल्या व दुसऱ्या संचांचा सामायिक नियंत्रण कक्ष अंधारात बुडाला; त्यामुळे विभक्त व पर्यायी व्यवस्थेची आवश्यकता पुन्हा अधोरेखित झाली.

कार्यालयातील संगणकांच्या बाबतीत सामायिक स्विच बिघडल्यास काम खोळंबते, एवढेच. अणुभट्टीच्या बाबतीत परिसरातील लोकवस्तीची सुरक्षितता पणास लागते. म्हणून पाहणे व आज्ञा देणे एका ठिकाणी आणले, तरी सुरक्षा यंत्रणा मात्र प्रत्येक संचासाठी स्वतंत्र ठेवणे, हे आधुनिक अभिकल्पाचे तत्त्व ठरले आहे.