भिंतीचे पापुद्रे

दसरा झाला की घरोघर नजर भिंतींकडे वळते. वर्षभर जी कोणाच्या खिजगणतीत नव्हती, तिच्यावरचे तेलकट डाग, सुटलेले पोपडे, मुलांनी पेन्सिलीने काढलेले हत्ती-घोडे एकाएकी डोळ्यांत खुपू लागतात. मग कोणीतरी म्हणते, "यंदा रंगारी कशाला? आपणच देऊ की रंग!" बेत चांगला आहे. परंतु मी पडलो शाळामास्तर. कोणता रंग घ्यावा असे विचारणाऱ्याला मी आधी जुन्या भिंतीचे पापुद्रे नीट पाहून घ्यायला सांगतो. त्या पापुद्र्यांत घराचा इतिहास एकावर एक निजलेला असतो, आणि दुकानात काय मागावे हेही तोच सांगतो.

जुन्या घरात सर्वांत तळाशी बहुधा चुना असतो. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. ही कळी पाण्यात पडली की पाणी खदखदू लागते. विरलेला चुना गाळून भिंतीला दिला की तो हवेतला तोच वायू सावकाश परत ओढून घेतो, आणि भिंतीवर पुन्हा दगडाचाच पातळ थर बसतो. या थरातून भिंतीची ओल बाहेर पडू शकते. ताज्या चुन्याच्या दाहकपणामुळे बुरशीलाही थारा मिळत नाही. अंगाला लागू नये म्हणून त्यात डिंक किंवा सरस घालीत, आणि पिवळसर झाक लपावी म्हणून चिमूटभर नीळ.

त्या चिमटीची कथा फार लांबची आहे. अजिंठ्याच्या चित्रांतला गडद निळा रंग लाजवर्द दगडाचा. हा दगड अफगाणिस्तानातील बदक्षानच्या खाणींतून येई. असा दुर्मिळ रंग कृत्रिम रीतीने करून दाखवणाऱ्यास फ्रान्समधील एका उद्योगसंवर्धक संस्थेने १८२४ साली ६००० फ्रँकचे बक्षीस लावले. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे याने मिळवले. राजेरजवाड्यांच्या चित्रांतला रंग पुढे धोब्याच्या पुडीत येऊन बसला, आणि तिथून आपल्या चुन्याच्या बादलीत.

या चुन्याने वाईट दिवसही पाहिले. १८९६ साली मुंबईत आणि त्यापाठोपाठ पुण्यात प्लेग शिरला. पुण्यात गोरे शिपाई घराघरांत घुसत, सामान रस्त्यावर काढीत, आणि जंतू मारण्यासाठी भिंतींना चुना फासला जाई. या मोहिमेचा प्रमुख रँड याच्यावर २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गोळी झाडली. दिवाळीला घरच्या माणसांनी दिलेला चुना आणि त्या दिवसांतला चुना एकाच भट्टीतला असेल. पण एकाने घर उजळले आणि दुसऱ्याने ते परके केले.

चुन्याच्या वर कधी कधी जाड, चकचकीत पापुद्रा लागतो. तो तैलरंगाचा. स्वयंपाकघराच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत, दारांना आणि खिडक्यांच्या गजांना हा रंग हौसेने देत, कारण तो धुता येई. येथे मात्र हात आवरावा. जुन्या तैलरंगांत जवसाच्या तेलाबरोबर शिशाचा सफेता असे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले, की तेथील लहान मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचे मूळ घराच्या कठड्यांच्या आणि खोल्यांच्या भिंतींच्या रंगात आहे. रंगाची भुकटी मुलांच्या बोटांना लागे आणि बोटे तोंडात जात. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घराच्या आतील कामात शिशाच्या सफेत्यावर बंदी घालणारा करार केला. तरीही इतर रंगद्रव्यांतून शिसे डब्यात राहिलेच. आपल्याकडे घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक शिसे नसावे, असा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्याआधीचे थर मात्र भिंतीवर तसेच आहेत.

तेव्हा जुना तैलरंग कोरड्या पॉलिश पेपरने खसाखसा घासू नये, दिव्याच्या ज्योतीने तर मुळीच जाळू नये. भिंत ओली करून घासावी, खाली जुने कापड अंथरावे, पडलेला चुरा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा. तेवढा वेळ मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नये. नवा डबा घेताना शिशाविषयीची ओळ आधी वाचावी, छटेचे पुस्तक नंतर उघडावे.

हौशी माणसाच्या हाती रंगकाम आले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ साली अमेरिकेत 'केम-टोन' हा पाण्यात कालवायचा रंग बाजारात आला; तो तासाभरात वाळे, आणि त्याच्या जोडीला रोलर विकला जाई. कुंचल्याचा सराईत हात नसलेल्या माणसालाही भिंत सारखी करता येऊ लागली. इकडे मुंबईत १९४२ साली चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. पुढे डिस्टेंपर आणि त्यानंतर इमल्शन मध्यमवर्गीयांच्या घरात आले.

आता खरेदी. भिंतीवर ओले बोट फिरवा. पांढरे झाले तर वर चुना आहे. तेथे पुन्हा चुनाच द्यावा, किंवा सुटा चुना खरवडून, प्रायमर लावून मग डिस्टेंपर अथवा इमल्शन द्यावे. भुकटीवर दिलेला रंग पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत नाही. भिंत ओलसर असेल तर आधी गळती थांबवावी. ओलीवर तैलरंग दिला तर फोड येतात. खाचा भरायला लांबी आणि ती लावायला पातळ पत्रा, घासायला पॉलिश पेपर, कोपऱ्यांसाठी दोन इंची ब्रश, मोठ्या भागासाठी नऊ इंची रोलर आणि त्याचा ट्रे, एवढे सामान पुरते. ब्रश घेताना केस ओढून पाहावेत. जे दुकानात गळतात ते भिंतीवरही चिकटतात. आधी छत, मग कडा, मग भिंत वरून खाली. एक हात पुरा वाळल्यावाचून दुसरा देऊ नये.

या कामात मुलांनाही घ्यावे; खरवडण्यात नव्हे, नव्या रंगाचा शेवटचा हात देण्यात. कोपऱ्यात कुठे तरी खालचा थर किंचित दिसत राहिला तर राहू द्यावा. आपल्या आधी या खोलीत कोण कोणत्या रंगात राहिले, हे त्यांना दाखवायला तेवढे पुरे आहे.