लोखंडाला वर्ज्य ठरवणारा नियम

#थ्रेड
१/ अनुभवातून जन्मलेला नियम वाट दाखवतो, तसाच कधी वाट अडवतोही. लोहयुक्त अतिसंवाहकांचा इतिहास याची साक्ष देतो.

२/ १९११. लायडन येथे कामरलिंग ओनेस यांनी पारा सुमारे ४ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युतरोध नाहीसा झाला. हीच अतिसंवाहकता.

३/ पुढे बर्न्ड मथायस यांनी अनेक नवे अतिसंवाहक शोधले. त्यांच्या नावे काही नियम रूढ झाले : स्फटिकाची सममिती उच्च असावी, घनाकार सर्वोत्तम, ऑक्सिजन टाळावा, चुंबकत्व टाळावे. अतिसंवाहकतेत इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात आणि चुंबकत्व त्या जोड्या फोडते. लोखंड अर्थातच वर्ज्य ठरले.

४/ १९८६ मध्ये बेडनोर्झ व म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडात अतिसंवाहकता आढळली. ऑक्सिजनवरील बंदी उठली. लोखंडावरची कायम राहिली.

५/ २००८. जपानमध्ये हिदेओ होसोनो यांच्या गटाने लँथनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजनच्या संयुगात थोडे फ्लोरिन मिसळले : २६ केल्विन! काही महिन्यांतच चीनमध्ये समेरियमयुक्त भावंडाने ५५ केल्विन गाठले.

६/ या स्फटिकांत लोहाचे अणू चौरस जाळीत बसलेले असतात. दोन्ही दिशा समान. फ्लोरिनविरहित लँथनम संयुग सुमारे १५० केल्विनखाली नेले, की चौरसाचा किंचित आयत होतो. सममिती मोडते.

७/ पण मोडते कोण? २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी बेरियम-लोह-आर्सेनिक कुळातील स्फटिक तपासले. आयताच्या बाजूंतील फरक १ टक्क्याहूनही कमी. दोन दिशांतील विद्युतरोधात मात्र दुपटीपर्यंत तफावत. आश्चर्य म्हणजे रोध आखूड बाजूच्या दिशेने अधिक होता.

८/ चौरसात लोहाची दोन इलेक्ट्रॉन-कक्षके समान ऊर्जेची असतात. येथे ती समानता भंगते. २०१२ च्या मापनांनी दाखवले, की पुढाकार इलेक्ट्रॉनांचा असतो. अणूंची जाळी त्यांच्यामागून जाते.

९/ मथायस यांचे नियम त्यांनी हाताळलेल्या पदार्थांपुरते उपयुक्तच होते. परंतु होसोनोंचे मूळ संयुग २००० मध्येच जर्मन रसायनज्ञांनी नोंदवले होते. ते आठ वर्षे सर्वांसमोर होते. म्हणून काय सापडले याबरोबरच कुठे पाहिलेच गेले नाही, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायला हवे.