बॅरिस्टरीचं कर्ज

मार्च १९२० मध्ये भीमराव आंबेडकरांनी सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी सोडली. पगार महिना साडेचारशे रुपये, बिऱ्हाड परळच्या बीआयटी चाळीत, घरात बायको, मुलगा, वहिनी, पुतण्या. जुलैत ते लंडनच्या बोटीवर होते. गाठीला स्वतःची शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचं साहाय्य. चरित्रकार याला ज्ञानाची तळमळ म्हणतात. तळमळ होतीच. पण कागद पाहिले तर त्यामागे रोखठोक हिशेब होता, आणि तो कुठे फसला हेही कळतं.

सुरुवात बडोद्याच्या करारापासून करायला हवी. ४ जून १९१३ रोजी त्यांनी सही केली : संस्थान तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड देणार, शिक्षण संपल्यावर दहा वर्षं नोकरी करायची. हे पैसे कोलंबियासाठी होते. १९१६ मध्ये मुदतवाढ मागून ते न्यूयॉर्कहून लंडनला आले. वाढ मिळाली एक वर्षाचीच. कोलंबियाची पीएच.डी. प्रबंध छापून दिल्याशिवाय मिळत नसे आणि छपाईला पैसे नव्हते. म्हणजे एक पदवी हाताशी आलेली, ती तशीच ठेवून त्यांनी दोन नवे प्रवेश घेतले : लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ११ नोव्हेंबर १९१६ रोजी बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. स्कूलच्या त्या वर्षीच्या नोंदीत फी दहा पौंड दहा शिलिंग आहे, जवळजवळ एका महिन्याची शिष्यवृत्ती.

१९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याने परत बोलावलं. या काळाबद्दल आंबेडकरांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहिलं, पण त्यातली सालं संस्थांच्या नोंदींशी जुळत नाहीत. आठवणी बऱ्याच वर्षांनंतर लिहिलेल्या, नोंदी त्याच दिवशीच्या. सालांपुरत्या नोंदीच धराव्यात. प्रसंगाबद्दल मात्र आठवणींइतका पुरावा दुसरा नाही : बडोद्यात राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं, करारातली दहा वर्षं तिथेच संपली.

१९१७ मध्ये लंडनहून निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून एक परवानगी घेऊन ठेवली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. १९२० ची घाई इथे उलगडते. आणखी दीड वर्ष पगार साठवत बसले असते तर दार बंद झालं असतं.

पण बॅरिस्टरीच का? मुंबईतच एलएल.बी. करून हायकोर्ट वकील होता आलं असतं, तेही नोकरी सांभाळून. फरक दर्जाचा होता आणि तो कोर्टाच्या रचनेतच होता. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे शहरातल्या बड्या व्यापारी दाव्यांत, बॅरिस्टर उभा राहू शके. वकिलाचं काम अपिलाच्या बाजूला. माझ्या मते आंबेडकरांना आणखी एक गोष्ट हवी होती : कोणाच्या मेहेरबानीवर न चालणारा धंदा. बडोद्यानंतर ती हवीशी वाटली नसती तरच नवल.

हिशेब फसला तो रुपयाच्या भावात. १९२० मध्ये सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरवला होता. त्या भावाने भथेनांचे पाच हजार म्हणजे पाचशे पौंड. १९२१ मध्ये रुपया एक शिलिंग चार पेन्सच्या आसपास घसरला. तेच पाच हजार आता सुमारे ३३३ पौंड. स्कूलची फी मात्र एका गिनीने वाढून अकरा पौंड अकरा शिलिंग झालेली. आणि हा विद्यार्थी प्रबंध कशावर लिहीत होता? रुपयाच्या प्रश्नावर.

४ सप्टेंबर १९२१ रोजी किंग हेन्रीज रोडवरून त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहिलं : हुंडणावळीचा भाव पडल्याने अडचणीत आलो आहे, दोनशे पौंड कर्जाऊ हवेत. मागणी दानाची नव्हती, हे लक्षात घ्यावं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या पत्रात रमाबाईंना ते कळवतात की पाठवायला जवळ काही नाही, पैसे संपले तर दागिने मोडा, आल्यावर परत करीन. हे पत्र भावनेसाठी नेहमी वाचलं जातं. मला त्यात कर्ज देणाऱ्यांच्या यादीतलं शेवटचं नाव दिसतं. बाकीच्यांनी दिलं ते त्यांच्याकडे वरकड होतं म्हणून. रमाबाईंकडे वरकड काही नव्हतं.

१९२२ च्या जूनमध्ये बॅरिस्टरी मिळाली, १९२३ मध्ये डी.एस्सी. मुंबईत सनद काढायलाही हातात पैसा नव्हता. पुन्हा भथेनाच धावून आले. ओरिजिनल साइडची कामं सॉलिसिटरांच्या हातून येत, आणि सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देईनात. ज्या दर्जासाठी कर्ज काढलं तो कागदावर मिळाला, पण कामं आली ती बहुतेक अपिलाची आणि मुफसलातली, एलएल.बी. झालेल्या वकिलालाही मिळाली असती अशी. १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घरखर्चाची भर काढली. इकडे बडोदा संस्थानाने शिष्यवृत्तीच्या पैशांची मागणी लावली होती. १९२५ मध्येच प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक निघालं, ते बडोद्याचेच महाराज सयाजीराव गायकवाडांना कृतज्ञतेने अर्पण केलेलं आहे.

नुसत्या धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर पहिल्या काही वर्षांत हे कर्ज फिटण्यासारखं नव्हतं. पुढे मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात ते १९२८ मध्ये शिकवायला लागले आणि जून १९३५ मध्ये तिथले प्राचार्य झाले.