चित्रास टीप हवी काय? भारहूतची साक्ष

समकालीन चित्राशेजारी लावलेले लेखी स्पष्टीकरण म्हणजे चित्रकाराच्या दुबळेपणाची कबुली होय, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. प्राचीन कलेस शब्दांचा आधार लागत नसे, हे त्यामागील गृहीत. भारहूतचा स्तूप ते टिकू देत नाही.

इ. स. पू. दुसऱ्या शतकातील ह्या स्तूपाचे अवशेष अलेक्झांडर कनिंगहॅम ह्यांना १८७३ मध्ये सापडले. त्याच्या कठड्यावरील अनेक दृश्यांशेजारी ब्राह्मी लिपीत परिचयलेख कोरलेले आहेत. सांचीच्या तोरणांवर असे लेख नाहीत. तेथील शेकडो लेख बहुतांशी दात्यांची नावे सांगतात. परिणामी जेम्स फर्ग्युसनसारख्या व्यासंगी पंडितानेही १८६८ च्या आपल्या ग्रंथात सांचीच्या दृश्यांमध्ये वृक्षपूजा व नागपूजा पाहिली. भारहूतच्या एका दृश्यात मात्र पूजिला जाणारा वृक्ष शाक्यमुनींचा बोधिवृक्ष असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. दुसऱ्या एका दृश्यात राजा अजातशत्रू रिकाम्या आसनापुढे हात जोडून बसला आहे, आणि तो भगवंतांस वंदन करीत असल्याचे लेख सांगतो. आसनावर मूर्ती नाही. भगवंतांचे नाव आहे ते केवळ लेखात.

तथापि ह्या लेखांस स्पष्टीकरण म्हणणे धाडसाचे होईल. अण्डभूत जातकाच्या शिल्पावर कथेचे रूढ नावदेखील नाही. तिच्यातील गाथेचे आरंभीचे शब्द तेवढे कोरले आहेत. ज्यास गाथा पाठ असेल त्यासच ते पुरेसे. इतरांस त्यांचा काडीइतकाही उपयोग नाही. भारहूतचा लेख प्रेक्षकास ठाऊक असलेल्या कथेची आठवण देतो, नवी कथा सांगत नाही. वासुदेव गायतोंडे ह्यांच्या अनाम चित्रापुढे उभ्या राहणाऱ्यापाशी अशी सामायिक कथाच नसते. आजच्या टिपेवर पडणारा भार त्यामुळे निराळ्या जातीचा आहे, आणि तो तिला बहुधा पेलत नाही.

शिवाय लेख असला म्हणजे वाद मिटतो असेही नाही. अशा रिकाम्या आसनांच्या दृश्यांत बुद्धाचे प्रतीक नसून पुढील काळातील तीर्थस्थानांची पूजा दाखविली असावी, असे सुसान हंटिंग्टन ह्यांनी १९९० मध्ये मांडले. एकच चिन्ह एकाच वेळी अनेक अर्थ वाहू शकते, असे उत्तर विद्या देहेजिया ह्यांनी १९९१ मध्ये दिले. दोन्ही विदुषींपुढे भारहूतचे लेख होतेच.