पोरीच्या पायाचं माप

आमच्याकडं चप्पल, वहाण, बूट, सगळ्याला पायताण म्हणत्यात. आमच्या खेड्यांत पायताण आधी गड्याच्या पायात गेलं. गडी औतामागं वहाणा घालून चालायचा, बाया त्याच रानात अनवाणी खुरपायच्या. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांचे पाय मी लहानपणी पाहिलेत. कुणाकुणाच्या पायात ट्रकच्या टायरच्या चपला होत्या, बाकीच्यांच्या टाचांना नुसत्या भेगा.

कॅनव्हास म्हणजे तरी काय? आपल्याच कपाशीच्या सुताचं जाडंभरडं, घट्ट विणीचं कापड. तळाला रबर. कच्चं रबर उन्हात चिकटायचं अन् थंडीत कडक व्हायचं. अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरनं ते गंधकासंगं तापवून टिकाऊ केलं अन् १८४४ साली त्याचं पेटंट घेतलं. आपल्या देशात बाटा कंपनी १९३१ साली आली, पुढं कलकत्त्याजवळ बाटानगर वसलं. कवायतीचे पांढरे बूट हळूहळू खेड्यातल्या शाळांपर्यंत आले. पण घरात एकच जोड घ्यायची ऐपत असली, तर तो पोराला. पोरगी २६ जानेवारीला अनवाणीच रांगेत उभी.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत सुरुवातीला अनवाणीच पळायची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं. पोरीच्या पायात किती बळ असतं, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता दिवस पालटले. २०२३ साली सरकारनं सरकारी अन् जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या पोरापोरींना एक जोड बूट अन् दोन जोड मोजे द्यायचं ठरवलं, एका लेकरामागं १७० रुपये. तेवढ्यात कसला बूट येतो, ते बाजारात फिरणाऱ्याला सांगायला नको. पण पोरगा-पोरगी असा भेद त्यात नाही, हे मोठं.

म्हणून संभाजीनगरात पैठण गेटाकडं नातीला बूट घ्यायला गेलो, की मी घाई करत नाही. जायचं संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे घालून दोन्ही पायांचे बूट चढवायचे अन् तिला उभं करायचं. बोटांपुढं माझ्या अंगठ्याएवढी जागा पाहिजे. टाच आतून निसटली नाही पाहिजे. बूट हातात धरून वाकवला, तर बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा घेऊन पुढं कापूस कोंबायची जुनी रीत सोडा. त्यानं लेकरू पाय घासत चालतं. लहान पोरीला नाडीपेक्षा चिकटपट्टी सोपी, ती तिची तिला लावता येते. भिजला तर सावलीत वाळवायचा.

माप मी बघतो. रंग तिचा. “आबा, ससा असलेला गुलाबी,” ती म्हणती. चिखलात तो आठ दिवस गुलाबी राहणार नाही, हे मला ठाऊक असतं. तरी घेतो. तिच्या आजीला, पणजीला कुणी रंग विचारलाच नव्हता.