जुना माल आणि न बोललेली गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने लॅपटॉपवर बोलावं, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण 2021 च्या जूनमध्ये आमच्या घरी जे झालं, त्यामुळे आम्हाला पुन्हा सिसेरो उघडावा लागला. तिथूनच सुरुवात करतो.

नातवाचे वर्ग ऑनलाइन होते. खारघर तेव्हा अर्धं बंदच. एरवी आमच्या पिढीचा माणस असली खरेदी करायला लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठायचा. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांच्याही तोंडी जुन्या गव्हर्नराचंच नाव. तिथे लबाडी नव्हती असं नाही. पण खोकं आपल्यासमोर उघडायचं, चार दुकानं फिरून भाव कळायचा आणि शेजारचा दुकानदार न विचारता सांगायचा, "काका, हे मॉडेल बंद झालंय." प्रतिस्पर्ध्याची ही चहाडी म्हणजे गिऱ्हाइकाचं मोठंच संरक्षण होतं!

तर आम्ही पडद्यावर बघून लॅपटॉप मागवला. 62,990 वर काट मारलेली, खाली 41,990. "आय-फाइव्ह प्रोसेसर" असं ठळक अक्षरात. आय-फाइव्ह म्हणजे चांगला, एवढं आम्हालाही ऐकून माहीत. ऑक्टोबरमध्ये विंडोज 11 आलं आणि ते या यंत्रावर चालेना. भाच्याने पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हा 7200यू आहे. सातव्या पिढीचा."

इथे थोडं थांबून समजून घेऊ, कारण फसगत या आकड्यातच आहे. आय-फाइव्ह हे घराण्याचं नाव, पिढी त्याच्यापुढच्या आकड्यात. 7200 मधला 7 म्हणजे सातवी पिढी, 8250 मधला 8 म्हणजे आठवी; दहावीपासून पुढे पहिले दोन अंक बघायचे. या दोघांत नुसता एका अंकाचा फरक नाही. लॅपटॉपमधल्या 7200यूला दोन कोअर, तर 2017 साली आलेल्या 8250यूला चार. आणि विंडोज 11 ची अट, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढची. जाहिरातीत एकही शब्द खोटा नव्हता, मंडळी. फक्त एक गोष्ट सांगितलेली नव्हती.

नेमका हाच प्रश्न सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये घेतला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्य घेऊन येतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याने वाटेत पाहिलंय. ते सांगावं, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलंय तेवढे दोष सांगा. न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, विकणाऱ्याला जे ठाऊक ते घेणाऱ्याला ठाऊक झालंच पाहिजे. सिसेरोचा कौल शिष्याच्या बाजूने. आमच्या विक्रेत्याचा अर्थातच गुरूच्या!

आपल्याकडे कौटिल्याने हा विषय सद्‌सद्विवेकावर सोडलाच नाही. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात व्यापाऱ्यांपासून प्रजेच्या रक्षणाचा भाग आहे. तिथे संस्थाध्यक्ष नावाचा बाजार-अधिकारी येतो आणि सुरुवातीलाच त्याच्याकडे जुन्या वस्तूंच्या विक्रीवरची देखरेख दिलेली आहे. नफाही ठरवलेला : देशी मालावर शेकडा 5, परदेशी मालावर 10. जुना माल बाजारात आलेला त्याला चालतो, पण अधिकाऱ्याच्या नजरेखालून.

आधुनिक काळात आपण काय केलं? 1990 मध्ये वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं बंधनकारक झालं. त्याआधी "कर वेगळे" म्हणून दुकानदार मनाला येईल ते लावत. पण एमआरपी हे फक्त छत आहे. त्या वस्तूची आजची लायकी ती सांगत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या यंत्रावर तीन वर्षांपूर्वीचाच आकडा छापलेला असतो आणि त्यातून वजाबाकी करून दाखवली की सूट भली मोठी दिसते. 2014 च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टच्या मोठ्या सेलनंतर किमतींवरून ओरड झाली आणि संस्थापकांना ग्राहकांची जाहीर माफी मागावी लागली. तेव्हापासून काट मारलेल्या आकड्याकडे लोक जरा संशयाने बघू लागले, असं आमचं निरीक्षण. आम्ही मात्र 2021 मध्येही बघितलं नाही.

मग 1 जानेवारी 2018 पासून नियम लागू झाला की वेष्टनावरची सक्तीची माहिती संकेतस्थळावरही दाखवायची. वाचून आम्हाला बरं वाटलं, पण पुढच्याच शब्दांत अपवाद : उत्पादनाचा किंवा वेष्टनाचा महिना आणि वर्ष सोडून! कारण समजतं. गोदामात एकाच वस्तूचे दहा वेगवेगळे लॉट असतात, कुठला कोणाच्या वाट्याला येईल सांगता येत नाही. बिस्किटांचं एक वेळ ठीक आहे. पण इलेक्ट्रॉनिक वस्तू ताजी की शिळी हे ज्यावरून कळतं, तीच तारीख पैसे भरेपर्यंत दिसत नाही. डायोजिनीस खूश झाला असता.

म्हणून आम्ही आता मॉडेलचा पूर्ण क्रमांक मिळाल्याशिवाय मागवत नाही. तो नसेल तर विकणाऱ्याला लेखी विचारतो. तो क्रमांक बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या पानावर टाकून यंत्र कधी बाजारात आलं ते बघतो. आणि खोकं आलं की आधी वेष्टनावरचा महिना वाचतो, मग चिकटपट्टी कापतो, कारण परतीची मुदत थोड्या दिवसांची असते. ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक सौ.ने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

आमच्या त्या लॅपटॉपचं खोकं नंतर माळ्यावर सापडलं. आत दिवाळीचे कंदील ठेवले होते. बाजूला बारीक अक्षरात छापलं होतं : मार्च 2018.

हं, मागच्या रांगेतून हात वर आहे. विचारा.