दोरा आणि वारा : ग्लायडरच्या काचेवरच्या एका साधनाचा इतिहास

विज्ञानाच्या इतिहासाविषयी बोलताना आपण बहुधा मोठ्या यंत्रांविषयी बोलतो. दुर्बीण, वाफेचं इंजिन, विमान. आज आपण ज्या साधनाकडे पाहणार आहोत तो लोकरीच्या दोऱ्याचा एक तुकडा आहे, वीतभरही नाही. त्याला तार लागत नाही, बॅटरी लागत नाही, काटा किंवा तबकडी लागत नाही. इंजिन नसलेल्या विमानाला आपण ग्लायडर म्हणतो. त्यात वैमानिकाच्या डोक्यावर जे पारदर्शक झाकण असतं त्याला कॅनपी म्हणतात. या कॅनपीवर बाहेरच्या बाजूनं, बरोबर मधोमध, हा दोरा चिकटपट्टीनं लावलेला असतो. त्याचं नाव यॉ स्ट्रिंग. आजच्या ग्लायडरमध्ये उपग्रहावरून जागा सांगणारी उपकरणं असतात, उंचीचा बारीकसारीक हिशेब ठेवणारे संगणक असतात, आणि त्यांच्या समोरच हा दोराही फडफडत असतो. शंभराहून अधिक वर्षांत त्याची हकालपट्टी का झाली नाही, हा आपला आजचा प्रश्न.

त्यासाठी आधी वैमानिकाची अडचण समजून घेऊ. आपल्याला वाटतं की विमान बोटीसारखं वळत असेल, मागचं सुकाणू फिरवलं की झालं. तसं नाही. सायकलस्वार वळताना जसा आत कलतो तसं विमानाला कलावं लागतं. उजवीकडे वळायचं तर उजवा पंख खाली आणि डावा वर. आता गंमत पाहा. जो पंख वर जातो तो जास्त उचल निर्माण करतो, आणि उचल वाढली की हवेचा अडथळाही वाढतो. म्हणजे वर गेलेला डावा पंख मागे ओढला जातो, आणि जायचं उजवीकडे असताना नाक क्षणभर डावीकडे फिरतं. मग विमान सरळ पुढे न जाता हवेतून तिरकं घसरत जातं. मागच्या सुकाणूचं खरं काम हे नाक वेळेवर सावरण्याचं. पण सावरायचं किती, हे कळणार कसं? हवा दिसत नाही. ढगांच्या वर किंवा मोकळ्या आकाशात जमिनीकडे पाहून सांगता येत नाही, कारण वाऱ्यामुळे जमिनीवरचा मार्ग एकीकडे आणि हवेतला मार्ग दुसरीकडे असतो. शरीर काहीतरी सांगतं, पण उशिरा सांगतं आणि पुष्कळदा चुकीचं सांगतं.

ही अडचण सर्वांत आधी नीट अनुभवाला आली ती राइट बंधूंच्या. त्यांच्या आधी जर्मनीत ऑटो लिलिएंथाल यांनी सुमारे दोन हजार वेळा टेकडीवरून उड्डाणं केली होती. तोल सांभाळायला ते स्वतःचं शरीरच इकडून तिकडे हलवत. ऑगस्ट १८९६ मध्ये ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. ओहायोतल्या डेटनमध्ये सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी त्यातून एक धडा घेतला : तोल यंत्रानं आपोआप सांभाळायचा नाही आणि शरीर झुलवूनही सांभाळायचा नाही, तो वैमानिकाच्या हाती द्यायचा. पंखांची टोकं पिळून एक बाजू वर, एक खाली करण्याची युक्ती त्यांनी काढली. १९०१ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या किटी हॉकजवळच्या किल डेव्हिल हिल्स या वाळूच्या टेकड्यांवर ती वापरताना त्यांना दिसलं की ग्लायडर कधीकधी भलत्याच बाजूला फिरतो. त्या ग्लायडरला शेपूटच नव्हती.

१९०२ च्या ग्लायडरला त्यांनी मागे दोन उभ्या, पक्क्या बसवलेल्या पात्या लावल्या. पुष्कळ वेळा फरक पडला. पण काही वेळा ग्लायडर खाली गेलेल्या पंखाच्या बाजूला घसरू लागे. मग त्याच पात्यांवर वारा आपटून तो अधिकच गरकन फिरे आणि पंखाचं टोक वाळूत रुतून बसे. या प्रकाराला त्यांनी थट्टेनं 'विहीर खणणं' असं नाव दिलं होतं. २ ऑक्टोबरच्या रात्री जास्त कॉफी झाल्यामुळे ऑर्व्हिल जागा राहिला आणि त्याला सुचलं की शेपूट पक्की न ठेवता हलती करावी. विल्बरनं त्यात भर घातली की ती पंख पिळण्याच्या दोऱ्यांनाच जोडून टाकू. दोन पात्यांच्या जागी एक हलतं सुकाणू आलं. त्या हंगामात त्यांनी सातशे ते हजारच्या दरम्यान उड्डाणं केली. सर्वांत लांब उड्डाण ६२२ फुटांचं, २६ सेकंदांचं.

याच दिवसांतली एक बारीक गोष्ट आपल्या कामाची आहे. वैमानिकाच्या पुढच्या आडव्या दांडीला विल्बरनं दोरीचा एक तुकडा बांधला. विमान सरळ हवेत शिरत असेल तर दोरी सरळ मागे येते. तिरकं घसरत असेल तर ती एका बाजूला झुकते. यॉ स्ट्रिंगचं श्रेय या तुकड्याला दिलं जातं, आणि विमानातलं पहिलं उपकरण कोणतं असा प्रश्न आला की याच दोरीकडे बोट दाखवलं जातं. हलत्या सुकाणूची गोष्ट प्रत्येक पुस्तकात सापडते. पंख आणि सुकाणू यांच्या जोडणीसाठी त्यांनी मार्च १९०३ मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि मे १९०६ मध्ये ते मिळालं. दोरीच्या वाट्याला तशी कीर्ती आली नाही. इतिहासात उत्तरांची नोंद होते. प्रश्न नीट विचारता यावा म्हणून जे वापरलं, ते बहुतेक वेळा नोंदीबाहेर राहतं. पण चूक कोणत्या बाजूला आणि किती, हे कळल्याशिवाय हलतं सुकाणू हलवणार कुठे?

यानंतर दोरी इंजिनवाल्या विमानांतून हळूहळू दिसेनाशी झाली. राइटांच्या विमानात पंखे मागे होते, त्यामुळे वैमानिकापुढची हवा स्वच्छ होती. पुढे विमानाच्या नाकावर पंखा बसवण्याची पद्धत रूढ झाली. नाकावरच्या पंख्यामागे हवा गरगरत येते. तिथे लावलेली दोरी वाऱ्याची दिशा सांगत नाही, पंख्याची सांगते. म्हणून मग कॉकपिटमध्ये वाकड्या काचेच्या नळीतली गोळी आली. द्रवात बुडालेली ही गोळी म्हणजे गवंड्याच्या ओळंब्याचीच बहीण. विमान घसरलं की गोळी त्या बाजूला जाते. जिथे नाकासमोर पंखा नव्हता तिथे मात्र दोरा टिकला. अतिउंचावरून उडणाऱ्या अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानाच्या काचेपुढे दोरा असतो. एफ-१४ सारख्या लढाऊ जेट विमानावरही तो होता. पैसे वाचवण्यासाठी कोणी यू-२ वर दोरा लावत नाही, हे आपल्यालाही पटेल.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे इथे न्यायदर्शनाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. पर्वतावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे असं म्हणणं हे अनुमान. अग्नीच डोळ्यांना दिसणं हे प्रत्यक्ष. गोळी आणि दोरा यांच्यात साधारण असाच फरक आहे. गोळीला हवेविषयी काहीच माहीत नाही. विमानाच्या बाजूला ढकलणारं बल तिला कळतं, आणि त्यावरून आपण ताडतो की हवा तिरकी येत असावी. दोरा त्याच हवेत उभा असतो आणि ती जिथे नेते तिथे जातो. म्हणून तो लवकर सांगतो, आणि फारच थोडी घसरण झाली तरी सांगतो.

ग्लायडरला ही लवकर कळलेली थोडीशी घसरण का महत्त्वाची, याचंही कारण इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीतल्या इंजिनवाल्या विमानांवर कडक बंधनं आली. मग १९२० साली ऑस्कर उर्सिनस यांच्या पुढाकारानं वासरकुप्पे डोंगरावर बिनइंजिनाच्या विमानांच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९२१ मध्ये हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांचा 'व्हॅम्पायर' आला, पंखांचा विस्तार साडेबारा मीटरहून थोडा अधिक. पुढच्याच वर्षी तो एका उड्डाणात तीन तासांहून जास्त वेळ हवेत राहिला. पंख लांबत गेले तसा ग्लायडर दूर जाऊ लागला. पण लांब पंखाचं टोक मागे ओढलं गेलं की नाकही जास्त फिरतं, म्हणजे राइट बंधूंची जुनी अडचण मोठी होऊन परत आली. शिवाय ग्लायडरचं इंधन म्हणजे त्याची उंची. आजचा चांगला ग्लायडर शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून चाळीसहून अधिक किलोमीटर जाऊ शकतो. तिरकं उडालं की हवेचा अडथळा वाढतो आणि ही पुंजी फुकट जाते. आपल्या पुण्याजवळ हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे. विंचच्या तारेनं वर खेचल्या जाणाऱ्या ग्लायडरमध्ये तिथे शिकलेल्यांना हा हिशेब चांगलाच ठाऊक असतो.

आता हा दोरा लावायचा कसा ते पाहू, कारण साधनाचं तत्त्व त्याच्या मांडणीत दिसतं. आठ-दहा सेंटिमीटर लोकर पुरते. लाल असली तर पटकन दिसते. कॅनपी पाण्यानं धुऊन घ्यावी. कोरड्या फडक्यानं घासली तर प्लास्टिकवर ओरखडे येतात, आणि स्थिर वीज तयार होऊन लोकर तिला चिकटून बसते. मग दोन्ही कडांपासून मोजून मध्यरेषा काढायची, आणि वैमानिकाला मान न वाकवता दिसेल अशा जागी दोऱ्याचं फक्त पुढचं टोक छोट्या, पातळ चिकटपट्टीनं दाबून बसवायचं. मागचं टोक मोकळं. मध्यरेषेचा आग्रह कशासाठी? कॅनपी गोल आहे. मधोमध हवा सरळ मागे जाते, बाजूला ती पसरत जाते. दोरा बोटभर बाजूला लावला तर विमान सरळ उडत असतानाही तो वाकडा दिसेल. भिजून काचेला चिकटलेला दोरा तर सरळच दिसेल, विमान कितीही घसरो. न्यायशास्त्र याला हेत्वाभास म्हणेल. धुकं पाहून धूर समजण्यासारखं. म्हणून उड्डाणाआधी दोरा मोकळा आहे ना, हे बोटानं पाहायचं.

नीट लावलेल्या दोऱ्यालाही मर्यादा आहे. तो स्वतःच्या जागेची हवा सांगतो, सगळ्या विमानाची नाही. कॅनपीच्या गोलाईमुळे तो घसरण आहे त्याहून मोठी करून दाखवतो. आणि ग्लायडर वर्तुळात फिरत असताना नाक मध्यापेक्षा पुढे असल्यामुळे, सारं ठीक असतानाही दोरा किंचित वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतो. प्रत्यक्षालाही स्वतःचं एक ठिकाण असतं, एवढंच याचं तात्पर्य.

दोरा वाचायचा नियम सोपा आहे. दोरा ज्या बाजूला झुकेल त्याच्या विरुद्ध पायाचं पेडल दाबायचं. गोळीचा नियम याच्या उलट, ती जिकडे जाईल तिकडचं पेडल. आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ग्लायडर उतरायला आलेला आहे, जमीन शंभरेक मीटर खाली, धावपट्टीकडे शेवटचं डावं वळण. वळण थोडं उशिरा घेतलं गेलं. इतक्या खाली जास्त कलायची भीती वाटते, म्हणून वैमानिक डावं पेडल अधिक दाबून नाक ओढून आणू पाहतो. नाक येतंही, आणि त्याला बरं वाटतं. पण आतला पंख मंदावत चाललेला असतो. वेग आणखी कमी झाला की तो पंख आधी उचल सोडतो आणि ग्लायडर गिरकीत जातो. वर हजार मीटरवर गिरकीतून बाहेर पडता येतं. शंभर मीटरवर तेवढी जागा नसते. या सगळ्या वेळात दोरा वळणाच्या आतल्या बाजूला झुकलेला असतो. नजर धावपट्टीवर असली तरी तो तिच्या वाटेतच असतो. गोळीसाठी मान खाली घालावी लागते, आणि त्या क्षणी कोणीही मान खाली घालत नाही.

दोरा का टिकला, या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. तो स्वस्त आहे किंवा जुना आहे, म्हणून तो टिकलेला नाही. वैमानिकाचा प्रश्न आणि हवेचं उत्तर यांच्यामध्ये त्याच्याइतकं थोडं अंतर ठेवणारं दुसरं साधन अजून मिळालेलं नाही. मात्र दोरा फक्त सांगतो, सावरत नाही. १९०२ साली विल्बरला जे पाहून स्वतः करावं लागलं, ते आजच्या वैमानिकालाही पाहून स्वतःच करावं लागतं. पेडलवर पाय त्याचाच असतो.